एकेरी चामडं

प्रिय अक्का,

तुम्हाला जाऊन सहा महिने झाले. एवढ्या दिवसांत तुमच्या फोटोसमोर उभी राहून पुष्कळ बोलले, पण कागद-पेन घेऊन बसायची वेळ आज आली. कारण सांगते. शिवणाच्या टेबलावर माझ्यासमोर चामड्याचे तीन तुकडे पडलेत, बाजूला कात्री आहे आणि माझा हात चालेना. वीस वर्षं झाली मला ब्लाऊज शिवायला. नवरीच्या पैठणीच्या कापडाला कात्री लावतानासुद्धा मी कधी थबकले नाही. आज हाताला घाम सुटायलाय. पदराला पुसते, कात्री उचलते आणि परत ठेवून देते.

परवा रविवारी आपल्या रेणूची तिरंदाजीची निवड चाचणी आहे. बांबूच्या धनुष्याचीच, जे तुम्ही तिच्या हातात दिलं. राज्याच्या संघात जायचं तिच्या डोक्यात कुणी भरवलं हे तुम्हाला मी काय सांगायचं? तिच्यासाठी टॅब कापायचाय. दोरी ओढताना तीन बोटांवर घालायचा चामड्याचा तुकडा, तळहाताएवढासुद्धा नाही. आजवर तो तुम्ही कापायच्या.

मला लई भीती वाटते, अक्का. कशाची ते सांगते. या मंगळवारी दुपारी रेणू माझ्याशेजारी बसून एका गिऱ्हाइकाच्या ब्लाऊजला हुक लावत होती. पिस्ता रंगाचा ब्लाऊज होता. बोलता बोलता माझं लक्ष गेलं तर पट्टीवर लाल डाग. एक, मग दुसरा. म्हणलं, अगं रक्त कुठलं? ती इकडंतिकडं बघायला लागली. सुई तिच्या मधल्या बोटाच्या टोकात घुसली होती, अक्का. घुसून तशीच होती. आणि ती पोरगी दुसऱ्या हातानं ब्लाऊज झटकत म्हणते, "आई, डाग कशाचा पडला गं?"

मी सुई काढली. तिनं हूं की चूं केलं नाही. मी विचारलं, दुखलं का? म्हणाली, "थोडं." मी तिच्या तोंडाकडं बघितलं. मी तिची आई आहे, मला तेवढं कळतं. तिला काहीच कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिला रिक्षात घालून औरंगपुऱ्यात हाडांच्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी तिला डोळे मिटायला लावले आणि एकेका बोटाला पेनाच्या टोकानं हात लावून विचारत गेले, आता कुठलं? मी शेजारच्या स्टुलावर बसून देवाचं नाव घेत होते. अंगठ्याशेजारचं बोट बरोबर सांगितलं. करंगळीशेजारचं थोडं उशिरानं सांगितलं. मधल्याला त्यांनी तीनदा हात लावला आणि ती वाट बघत बसली, डॉक्टर अजून सुरू का करत नाहीत म्हणून.

डॉक्टर म्हणाले, दोरीनं नस दाबली गेलीय. आराम मिळाला तर बहुतेक परत येईल, असंच चालू ठेवलं तर सांगता येत नाही. रेणू रडली, हातापाया पडली. तेव्हा त्यांनी एवढीच सवड दिली की रविवारचा एक दिवस, तोही जाड चामडं घालून, आणि त्याआधी त्या बोटाला थोडीतरी जाण आली तरच. नंतर महिनाभर धनुष्याला हात नाही. निघताना मला वेगळं म्हणाले, "ताई, ती खोटं बोलेल. खेळणारी मुलं बोलतात. लक्ष तुम्ही ठेवा."

घरी येऊन मी तिची पिशवी उपसली. तुमचा टॅब निघाला. तुम्ही स्वतः वापरायच्या तो, शेळीच्या चामड्याचा, एकेरी, काळाभोर पडलेला. तुम्ही गेल्यावर तुमच्या कपाटातनं तिनं तो घेतला होता आणि कुणाला बोलली नव्हती. मी तो माझ्या बोटांवर चढवून खिडकीपाशी धरला. मधल्या बोटाच्या जागी चामडं एवढं झिजलंय की पलीकडचा उजेड दिसतो. चार महिने ती पोरगी रोज दोनशे बाण त्यातनं मारायली होती.

का मारायली होती, सांगू? दर खंडेनवमीला तुम्ही, तिरंदाजी शिकवायच्या त्या शाळेतल्या सगळ्या पोरींचे नवे टॅब कापायच्या. मी माझी मशीन पुसून हार घालायची, कात्रीला कुंकू लावायची. तुम्ही धनुष्य पाटावर ठेवायच्या. आणि पूजा झाली की पोरींची रांग लागायची अंगणात. पोरींची बोटं वर्षात वाढतात, जुना टॅब आखूड पडतो, म्हणून वर्षाचा हा नेम. या वर्षी घरात सण नव्हता. सुतकाचं वर्ष. यांनी सांगितलं, अक्काशिवाय कसली पूजा, आणि मी पण मशीनला झाकण घालून ठेवलं. पूजा नाही म्हणून टॅब नाही. रेणूचा जुना तिला पुरेना. तिनं तुमचा घातला. आम्ही तुमचं दुःख पाळत बसलो आणि त्यापायी पोरीच्या बोटावर आलं. एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात कशी आली नाही?

आता खरं बोलायचं ते. रागावू नका. म्हणजे रागवालच.

त्या रात्रीच्या स्वयंपाकाला मी भाकरी थापत होते. तव्यावरची भाकरी उलटायला हात घातला, चटका बसला, हात मागं घेतला. आणि तिथंच मला तुम्ही दिसलात. फुगलेली भाकरी तव्यावरनं निखाऱ्यावर, निखाऱ्यावरनं टोपल्यात, नुसत्या बोटांनी, ती पण गप्पा मारत. लग्न होऊन आले तेव्हा मी बघतच राहिले होते. माझी आई फर्दापूरला शेरडांमागं हिंडून आल्यावर वीस माणसांच्या भाकरी करायची, तिचे हात पण एवढे घट्ट नव्हते. सासूबाई कौतुकानं सगळ्यांना सांगायच्या, "आमच्या अक्काला चिमटा लागत नाय." मी पण शेजारणींना बोलावून दाखवलंय. "बघा, आमच्या नणंदबाईंचे हात!" आणि तुम्ही हसायच्या.

अक्का, तुम्हाला कळत नव्हतं ना? चटका कळतच नव्हता ना?

मग एकेक आठवत गेलं. तुमच्या ब्लाऊजचे हुक मी लावायचे. "सिंधू, हुक लाव गं, शाळेला उशीर व्हायलाय." मला वाटायचं, नणंदेचा तोरा आहे, भावजयीकडनं सेवा करून घ्यायचीय. मनात बोटंसुद्धा मोडलीत मी, खोटं कशाला बोलू. तुम्ही बाजारात सुट्टी नाणी मोजायला कधी हातावर घ्यायच्या नाही, पाकीट उघडून दुकानदारापुढं धरायच्या. इस्त्रीनं बोट भाजलं होतं तेव्हा फोड आल्यावर संध्याकाळी मीच तुम्हाला दाखवला होता. तुम्ही म्हणालात, "हां, लागलं असंल कुठंतरी." मी बोटांवर पोट भरणारी बाई. सुईचं टोक कुठं आहे हे मला न बघता कळतं. आणि वीस वर्षं एका घरात राहून मला तुमची बोटं मेलेली कळली नाहीत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

बरं, तुम्हाला तरी उमगलं नसेल, असं म्हणून मी मन आवरत होते. पण काल जुन्या टॅबांचा डबा काढला आणि ते पण राहिलं नाही. गेल्या तीन खंडेनवमींचे पोरींचे टॅब दुहेरी आहेत. दोन पदर, फक्त वरच्या कडेला शिवण, खाली मोकळे, म्हणजे एकमेकांवर सरकतात आणि दोरीचा दाब बोटापर्यंत जात नाही. ती शिवण माझी आहे. माझ्याच मशीनवर, तुम्ही शेजारी उभ्या राहून घालून घेतलीत. मी विचारलं होतं, आधी एकेरी चालायचं, आता दुहेरी का? आठवतं का काय म्हणालात? "आताच्या पोरी नाजूक."

पोरी नाजूक नव्हत्या. तुम्हाला कळलं होतं. पोरींना दुहेरी दिलं आणि स्वतः एकेरीच घालत राहिलात, कारण तुमचंच तोंडचं वाक्य सगळ्या मैदानाला पाठ होतं: दोरी बोटाला कळली पाहिजे, मधे गादी घालू नका. ते मागं कसं घ्यायचं, हो ना? पोरींची बोटं वाचवलीत, हे मी कुणापुढं पण सांगीन. पण का वाचवायची ते सांगितलं नाही. एकदा जरी रेणूला जवळ घेऊन म्हणाला असतात, की बाळा, माझी तीन बोटं गेलीत, हा टॅब घालू नको, तर तिनं त्याला हात लावला असता का? तिला वाटलं, शिकणाऱ्यांना दुहेरी आणि खऱ्या तिरंदाजाला एकेरी. तुमचा टॅब बोटावर चढवला म्हणजे ती मोठी झाली, असं तिला वाटलं.

यांना मी काल हे सगळं सांगितलं. वाळूजच्या कंपनीतली शिफ्ट करून आले होते, जेवत होते. घास हातात तसाच राहिला. मग म्हणाले, "रेणूला सांगू नको. पोरगी तिला देव मानती. शाळेत फोटो लागणार आहे अक्काचा. झाकली मूठ सव्वा लाखाची, राहू दे." बहिणीवर माया आहे त्यांची, मी समजते. मी उठले. ताट उचललं.

म्हणून ही कात्री चालत नाही. जुन्या शहरात गुलमंडीच्या मागं बॅगा शिवणाऱ्या चाचांकडनं मी तीन तुकडे आणलेत. म्हशीचं घेतलं, ते जाड आहे, पण रेणूनं हातात घेऊन वाकवलं आणि टेबलावर टाकलं. "आई, ही चप्पल आहे." मेंढीचं मऊ आहे, पण चाचा म्हणाले, "बाजी, ये खिंचता बहोत. आज बराबर बैठेगा, चार दिन में लंबा हो जाएगा. ये काम को नक्को लेओ." तरी मी घेतलंच, भीतीपोटी माणूस काहीही घेतं. तिसरं शेळीचं. तुमच्यासारखं दुहेरी करायला. ते बरोबर आहे हे मला ठाऊक आहे. पण दुहेरी केलं आणि रेणूनं घातलंच नाही तर? मी काढून ठेवलेला तुमचाच शोधून नेला तर? घातलं आणि दोरी कळली नाही, बाण गेले इकडंतिकडं, निवड हुकली, तर जन्मभर म्हणंल, आईनं केलं. आणि नाही हुकली, मारत राहिली, आणि बोट परत आलंच नाही तर? कुठूनही विचार केला तरी तिथंच येते. थांबा, दार वाजतंय.

*

पुन्हा बसले. इथवर लिहिलं आणि रेणू कॉलेजातनं आली. आता साडेपाच होत आलेत, ती खाली चहा टाकायलीय.

अक्का, मी तिला सांगितलं. ठरवलं नव्हतं. तिनं येऊन पिशवीत हात घातला, तुमचा टॅब नव्हता तिथं, आणि ती माझ्यावर ओरडली. "आत्याची आठवण आहे ती, तुला काय कळतं त्यातलं?" तेव्हा निघून गेलं तोंडातनं. भाकरी सांगितली, हुक सांगितले, इस्त्री सांगितली. डबा तिच्यापुढं उपडा केला आणि दुहेरी टॅब दाखवले. ती उभीच होती. मग खाली बसून एकेक टॅब उचलून त्याचे दोन पदर अंगठ्यानं सरकवून बघायला लागली. शेवटचा टॅब खाली ठेवून म्हणाली, "मला का नाय सांगितलं आत्यानं?"

मी म्हणलं, लाज वाटली असंल.

"लाज कशाची?"

मी सांडलेले टॅब डब्यात भरायला लागले. तुम्ही काय सांगितलं असतं, अक्का?

मग तिनंच शेळीचा तुकडा माझ्याकडं सरकवला. "काप."

मी कागदावर तिचा पंजा ठेवून पेन्सिल फिरवली, ब्लाऊजचं माप घेते तसं. कापला. तिनं बोटं दोरीत अडकवली आणि चामडं बोटांच्या पुढं आलं, दोरीवर दुमडलं. पंजा सपाट असताना घेतलेलं माप बोटं वाकवल्यावर लांब पडतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. वीस वर्षांची टेलरीण आणि बाहीचं माप हात वाकवून घेते, पण बोटांचं सपाट घेतलं. रेणू हसली. चार दिवसांत पहिल्यांदा हसली. "आत्या दोरी ओढायला लावायची आणि मग खूण करायची." तसं केलं. ती गच्चीवर धनुष्य धरून उभी राहिली, दोरी गालापर्यंत ओढली, मी खडूनं बोटांच्या टोकाशी खूण केली. तिनं दोरी हळूच परत आणली. बाण नसताना दोरी सोडायची नाही, हे तुमचं तिला झोपेतसुद्धा पाठ आहे.

शेळीच्याच उरलेल्या तुकड्यातनं दोन पदर कापले. बाणाच्या शेपटासाठी मधे खाच घेतली, वरच्या कडेला शिवण घातली, तुम्ही शिकवलेली. शिवण सरळ आली. तिनं घातला, ओढला, परत आणला, पुन्हा ओढला. म्हणाली, "कळतंय, आई. दोरी कळतीय यातनं." तिचा चेहरा असा उजळला की मी आनंदानं रडायच्या बेतात होते. म्हणाली, "आणि बोटात पण जाण यायलीय. सकाळपासनं यायलीय." मी देवाला हात जोडले, तुम्हाला पण जोडले.

आणि मग मला डॉक्टरचं वाक्य आठवलं.

मी म्हणलं, डोळे मीट. ती कंटाळली, पण मिटले. गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून बसली, हात माझ्या मांडीवर. मी अंगठ्याशेजारच्या बोटाला हात लावला. बरोबर सांगितलं. करंगळीशेजारच्याला लावला. बरोबर. मग मी माझा हात मागं घेतला आणि नुसती बसून राहिले. कुठल्याच बोटाला हात लावला नाही.

रेणू म्हणाली, "मधलं."

हसत म्हणाली. डोळे मिटलेलेच होते. "बघ, म्हणलं होतं ना?"

तिचा हात धरून ठेवला, फक्त. तिला वाटलं, मी खूश झाले. टॅब पिशवीत ठेवून ती चहा टाकायला खाली गेली, जाताना गाणं म्हणत होती. मी जिन्यात बसून हे लिहायलेय. अक्षर बघा कसं आलंय.

अक्का, तुम्ही पण असंच केलं असेल ना? कुणी विचारलं असतं तर तुम्ही पण अंदाजानं मधलं म्हणाला असतात. पण तुम्हाला कुणी विचारलंच नाही. मी विचारलं नाही.

तेव्हा ऐका. रेणू रविवारी मैदानावर जाणार नाही. हे मी तिला आता चहा पितानाच सांगणार, उद्यावर ढकलणार नाही, कारण उद्या मला धीर होणार नाही. ती कप फेकंल. माझ्याशी बोलणं टाकंल. हे घरी आल्यावर माझ्यावरच चिडतील, म्हणतील, एवढी तयारी केली पोरीनं. म्हणू द्या. तिचं बोट परत येईल का नाही, मला ठाऊक नाही, डॉक्टरला ठाऊक नाही, आणि ती भीती कुणाला सांगून जाणारी नाही. पण रोज सकाळी तिचे डोळे मिटायला लावून मी विचारणार. मधनंच हात मागं घेणार. ज्या दिवशी ती म्हणंल, "आई, तू कुठं हातच लावला नाय," त्या दिवशी मी स्वतः तिच्या हातात धनुष्य देईन. तोवर नाही. हा माझा शब्द आहे.

चहाचा वास आला. हाक मारायली आहे ती. जाते.

तुमची,
सिंधू